एका ग्रुपला एक नारळ

चैत्र नवरात्रातल्या शनिवारी विभा इंगवले हिनं जयपूरच्या डोंगरावरच्या देवीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं रीतसर. देवीनं ती घेतली.

वाचलंत? आता विसरून जा. असं काही घडलेलं नाही. ‘सह्यकन्या भगिनी मंडळा’च्या बायकांनी तसं एकमतानं ठरवलं आहे, आणि एकमताच्या आड येणारे आपण कोण? तेव्हा ओटी भरली गेली नाही असं धरून पुढे जाऊ. मंडळ जयपूरचं, बायका महाराष्ट्राच्या आणि देवी राजस्थानची. देवीचं नाव मुद्दाम देत नाही. तिचा यात काही दोष नाही, तिला कशाला भानगडीत ओढा.

तर ज्या शनिवारी काहीही घडलं नाही, त्या शनिवारी सकाळी विभा मंदिराच्या दारात उभी होती आणि रखवालदार तिच्या पिशवीतला नारळ कानाशी धरून हलवत होता.

“इसमें पानी है,” तो म्हणाला.

“नारियल में पानी तो रहेगा ना, भैया.”

“पानी अंदर मना है. बोतल हो तो एक घूँट पीकर दिखाओ, फिर जाने देते हैं.”

“मग हे कसं पिऊन दाखवू?” विभा मराठीतच म्हणाली. वैताग आला की तिचं हिंदी आधी पळून जात असे.

रखवालदाराला प्रश्न कळला, आणि त्यानं त्यावर खरोखर विचार केला. माणूस प्रामाणिक होता. नियम बाटलीसाठी केलेला होता आणि तो नारळाला कसा लावायचा हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी त्यानं तोडगा काढला. “फोड के पी लो.”

“आई,” मागून अनुश्री म्हणाली, “मतलब आपण हा इथेच पिऊन टाकला तर आत काय घेऊन जायचं? खाली डब्बा?”

अनुश्री विभाची मुलगी. अठरा वर्षांची. तिचं मराठी हिंदीच्या बोळातून वाट काढत येई, पण मुद्दा बरोबर होता. ओटीतला नारळ अख्खा लागतो, शेंडीसकट. फुटलेला चालत नाही. मंडळाच्या बायका इतके नारळ घेऊन आल्या होत्या की दारातल्या टेबलावर आता त्यांचा ढीग झाला होता, आणि रखवालदार त्या ढिगाकडे एखाद्या टोळीचा माल पकडल्यासारखा बघत होता.

हे सगळे नारळ विभानं आणले होते. निवडून, हलवून, पाणी आहे की नाही ते ऐकून. तांदूळही तिनंच निवडले होते. खणाचं कापड तिनंच साताऱ्याहून मागवलं होतं. बस तिनंच ठरवली होती, तीही अशी की एरवी कुणाचंही न ऐकणारा ड्रायव्हर जवाहर नगरच्या एकेका सेक्टरात थांबून एकेका बाईला घेऊन आला. यांपैकी कशालाही तिचं वैधव्य आड आलं नव्हतं. बसचं भाडं घासाघीस करून कमी करायला कपाळावर कुंकू लागत नाही. तांदळातले खडे काढायला मंगळसूत्र लागत नाही. ओटीत नारळ ठेवायचा म्हटलं की मात्र दोन्ही लागतं.

विभाचा नवरा हणमंत इंगवले फौजेत होता. लग्नानंतर पहिली बदली जयपूरलाच झाली. अनुश्री इथल्याच लष्करी दवाखान्यात जन्मली आणि जन्मल्या जन्मल्या न्यूमोनियानं निळी पडली. हणमंत तसा देवाधर्माच्या वाटेला फारसा न जाणारा माणूस. पण एका राजस्थानी जवानानं सांगितलं, डोंगरावरची माता पुराणी आहे, कुणा राजाच्या स्वप्नात येऊन तिनं स्वतःच जागा मागून घेतली, ती ऐकते. हणमंत तडक वर गेला. परेडला द्यावा तशा आवाजात, दोन-चार जवानांच्या देखत, गाभाऱ्यासमोर उभा राहून म्हणाला, “पोरगी जगू दे. सोताच्या पायावर उभी राहिली की आमची मंडळी येऊन तुझी ओटी भरंल.”

नीट बघा. तो नारळ देईन म्हणाला नाही, पैसे देईन म्हणाला नाही. आमची मंडळी ओटी भरेल, म्हणाला. नवस बोलला हणमंत, पण नाव घातलं विभाचं. आणि त्यात ‘मी जिवंत असलो तर’ अशी अट नव्हती. फौजी माणूस, शब्द देताना पळवाट ठेवायची त्याला सवय नव्हती.

पोरगी जगली. पुढे बदल्या झाल्या, हणमंत नायब सुभेदार झाला, फिरून जयपूरलाच आला, आणि एका सकाळी युनिटच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळताना सर्व्हिससाठी त्यानं हात वर केला, तो चेंडूला लागलाच नाही. हात खाली आला, हणमंतसकट. विभा गावी परतली नाही. पोरीची शाळा इथं होती. जगतपुऱ्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलवर तिला वॉर्डनची नोकरी मिळाली, खोलीसकट. आणि आता अनुश्रीची लष्करी नर्सिंगला निवड झाली होती. मंगळवारी तिची गाडी होती. पोरगी स्वतःच्या पायावर उभी राहिली होती. आता देवीचं देणं फेडायचं होतं.

एकटीनं जाऊन भरता आली नसती का? विभा एकदा गेलीही होती. ओटी पदरात घेऊन दारापर्यंत पोचली आणि तिथून परत आली. कुणी अडवलं नव्हतं. आपलाच हात पुढे होईना. आणि कुणी नसताना हळूच भरून यायची म्हणजे देवळात चोरी केल्यासारखं वाटत होतं. हणमंत चारचौघांत बोलला होता. तिला चारचौघींत भरायची होती, आपल्या बायकांत, आपल्या भाषेत.

म्हणून तिनं मंडळाच्या बैठकीत विचारलं.

मंडळाच्या अध्यक्षा नीलिमाताई. त्या वाईट नव्हत्या, तीच तर अडचण होती. हणमंत गेला तेव्हा तेरा दिवस दोन्ही वेळचा डबा त्यांनी पाठवला होता. माणूस वाईट असला की भांडायला सोपं जातं. ज्या हाताची आमटी खाल्ली त्या हाताला काय बोलणार?

“अगं, तुझी भावना मला कळत नाही का?” नीलिमाताई म्हणाल्या होत्या. “पण मंडळाची म्हणून एक पद्धत आहे. सवाष्णींनीच भरायची. तू असं कर, सगळं सामान तू आण. तुझ्या वतीनं मी भरते. देवीला काय, पोचल्याशी कारण.”

“मी पर्सनली याच्या अगदी विरुद्ध आहे हं, विभाताई,” मंडळाची चिटणीस उत्कर्षा म्हणाली. उत्कर्षा पुण्याची, आयटीतली, मंडळातली सगळ्यांत तरुण सभासद. “इट्स सो अनफेअर. पण आत्ता हा विषय काढला तर सहलीचा मूड जाईल.”

मूड जाऊ नये म्हणून विभानं विषय मिटवला. असे पुष्कळ विषय तिनं मिटवले होते. हळदीकुंकवाला ती चहा बघायची. संक्रांतीला वाणाची पाकिटं भरायची. भरायला हरकत नव्हती, घ्यायला होती.

तर आता दारात नारळांचा ढीग, आणि ढिगापाशी नीलिमाताई.

“भैयाजी, हम हर साल आते हैं,” त्या म्हणाल्या.

“हर साल का हमको पता नहीं,” रखवालदार म्हणाला. “अब नया नियम है.”

त्यानं भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर पाटी होती. गेल्या वर्षी गर्दीत दोन कुटुंबांची आत बाचाबाची झाली होती आणि दोन्ही बाजूंनी प्रसादाचे नारळ फेकून मारले होते. तेव्हापासून नियम असा की एका ग्रुपला आत एकच अख्खा नारळ. तोही ओळखपत्र दाखवून. ज्याचं ओळखपत्र, नारळ त्याच्याच हातात राहील आणि त्यानंच तो देवीला वाहायचा. वाटेत हात बदलला तर नारळ जप्त.

“मग पाणी?” अनुश्रीनं विचारलं. “आत्ता तर पानी मना होतं.”

“पहचान पत्र है तो पानी चलेगा,” रखवालदार म्हणाला.

नीलिमाताईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. “चला, एक तर एक. माझं आधार दाखवते,” असं म्हणून त्यांनी पर्समध्ये हात घातला आणि तो तिथंच राहिला.

आधार फोनात होतं. सगळ्यांचीच आधार फोनात होती. आणि सगळ्यांचे फोन बसमध्ये, एका कापडी पिशवीत. मागच्या सहलीत बायकांनी देवीपेक्षा रील जास्त केले म्हणून यंदा नीलिमाताईंनी स्वतः, बस सुटताच, ‘आजचा दिवस भक्तीचा’ असं म्हणत सगळ्यांचे फोन गोळा केले होते. ड्रायव्हर बस घेऊन नाश्त्याला गेला होता. त्याला बोलावून घेता आलं असतं. त्यासाठी फोन हवा होता.

“कुणाकडे काहीच नाही?” नीलिमाताईंनी वळून विचारलं. “लायसन्स? पॅन?”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. इतक्या शिकल्यासवरलेल्या, गाड्या चालवणाऱ्या, कुणी बँकेत, कुणी कंपनीत. त्या क्षणी त्यांच्यातली एकही आपण कोण आहोत हे सिद्ध करू शकत नव्हती.

“माझ्याकडे आहे,” विभा म्हणाली.

तिच्या पर्समध्ये ते कायम असायचं. कँटीनला लागतं, दवाखान्यात लागतं, पेन्शनला लागतं. हणमंतच्या मागे तिला मिळालेली ही एकच वस्तू होती जी सगळीकडे चालत असे. लष्कराचं, कडक, प्लास्टिकचं. रखवालदारानं ते हातात घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, कारण तो सगळंच मोठ्यानं वाचत होता. “विभा हणमंत इंगवले. विडो ऑफ लेट नायब सुभेदार हणमंत इंगवले.” मग त्यानं टाचा जुळवल्या, कडक सलाम ठोकला, आणि ढिगातला सगळ्यांत मोठा नारळ उचलून दोन्ही हातांनी तिला दिला.

“जय हिंद, मैडम. आप ही चढ़ाएँगी.”

दाराबाहेरच्या फुलवाल्याची हारांचे भाव सांगण्याची बडबड तेवढी ऐकू येत होती.

अडचण साधी होती. ज्या कार्डावर ती विधवा आहे असं लिहिलं होतं, त्याच कार्डामुळे ओटी तिलाच भरावी लागणार होती. सरकारदरबारी तिची पात्रता जिथून सुरू होत होती, मंडळात ती तिथंच संपत होती.

रांग चालू लागली. आणि रांगेबरोबर खलबत सुरू झालं.

“नारळ तू धर,” नीलिमाताई खालच्या आवाजात म्हणाल्या, “आणि मी तुझा हात धरते. म्हणजे कसं, भरणार मीच.”

“म्हणजे मी नारळाचं टेबल,” विभा म्हणाली.

“असं काय बोलतेस?”

“टेक्निकली बघितलं ना,” उत्कर्षा मधे पडली, “तर विभाताई फक्त कुरियर आहेत. पार्सल कुणाचंही असू शकतं. कुरियरवाला आपल्या घरी लाडू घेऊन येतो, म्हणून लाडू त्यानं दिले असं आपण म्हणतो का?”

“कुरियर,” विभा म्हणाली.

“रागावू नका ना. मी तुमच्याच बाजूनं मार्ग काढतेय.”

विभाच्या हातात नारळ होता आणि तो जड होता. इतकी वर्षं तिला राग येतच नाही असा तिचा समज होता. तिला वाटायचं आपण समजूतदार आहोत. आता रांगेत, मागून ढकलणाऱ्या कोपरांमध्ये, तिच्या लक्षात यायला लागलं की तो समजूतदारपणा नव्हताच. तो राग होता. ठेवायला जागा नव्हती म्हणून तिनं तो घडी घालून ठेवला होता, आणि घडीची वस्तू कितीही वर्षं ठेवली तरी वस्तूच राहते.

“आई,” अनुश्री कानाशी म्हणाली, “कुरियर मतलब तू?”

“हो.”

“आणि पप्पांनी नवस बोलला होता तो कुणाबद्दल? कुरियरबद्दल?”

“गप बस आणि तांदूळ दे.”

गाभारा जवळ आला. चांदीच्या दाराला हात लावून लावून मधला भाग गुळगुळीत झाला होता. आत पुजारी उभा होता, घामाघूम, कपाळावरचं गंध वितळून भुवईत उतरलेलं. तो काही ज्ञानी वगैरे नव्हता. जो येईल त्याच्या कपाळावर कुंकू मारायचं, डोक्यावर क्षणभर चुनरी टेकवायची, प्रसाद द्यायचा, पुढे ढकलायचं, असं त्याचं पहाटेपासून चालू होतं. समोर बाई आहे का पुरुष हेही तो बघत असेल की नाही शंका होती.

विभाची पाळी आली. पुजाऱ्याचा अंगठा आला आणि तिच्या कपाळावर कुंकू लागलं. भलंमोठं, तिरपं, भुवयांपासून केसांपर्यंत.

“अहो भैया, इनको नहीं,” नीलिमाताई मागून म्हणाल्या. “मुझे. ओटी मैं भर रही हूँ. ये सिर्फ पकड़ रही हैं.”

“जिसके हाथ में है वो दे, मैया. लाइन रुक रही है.”

“नियम आहे भैया, हमारे में...”

“यहाँ एक ही नियम है, चलते रहो.” मग विभाला, “बोलो, किसके नाम से?”

नीलिमाताईंनी विभाच्या कोपराला हात लावला. धरायलाच. विभानं कोपर सोडवून घेतलं. झटकलं नाही. भाजी चिरून झाल्यावर सुरी बाजूला ठेवावी तसा तो हात अलगद बाजूला केला, आणि दीड पाऊल पुढे सरकली. तिनं खण उलगडला. त्यावर नारळ ठेवला, शेंडी देवीकडे. हळकुंड, सुपारी. मग ओंजळीनं तांदूळ, पाच वेळा, मागचे लोक ओरडत असताना एकही ओंजळ न चुकवता.

“हणमंत रामचंद्र इंगवले,” ती म्हणाली. परेडला द्यावा तशा आवाजात. “त्यांच्या मंडळीनं भरली.”

पुजाऱ्याला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. त्यानं ओटी उचलून देवीच्या पायाशी ठेवली, चुनरी विभाच्या डोक्याला टेकवली, आणि तिला पुढे ढकललं. नीलिमाताईंना त्यानं नुसतंच ढकललं.

अनुश्री आईच्या मागून येत होती. ती रडत नव्हती, पण तिनं आईच्या साडीचा पदर मागून मुठीत धरला होता, लहानपणी कँटीनमध्ये धरायची तसा.

बाहेरच्या चौकात सावलीच्या पट्ट्यात मंडळ जमलं. विभाच्या कपाळाकडे सगळ्या बघत होत्या आणि बघत नसल्यासारखं दाखवत होत्या. तिच्या हातात प्रसादाचे बत्तासे होते. तिनं हात पुढे केला. एकीला उपास आठवला. दुसरीला साखर. तिसरी पायातली चप्पल शोधू लागली. चपला बाहेर दारापाशी होत्या.

शेवटी गंगूबाई बोलल्या. मंडळातल्या सगळ्यांत थोरल्या, कोल्हापूरकडच्या. त्यांचा मुलगा मोठ्या हुद्द्यावर होता आणि त्याच्याबरोबर त्या गावोगाव हिंडून जयपूरला पोचल्या होत्या. सगळ्या त्यांना मावशी म्हणत. त्या विधवा होत्या, आणि इतकी वर्षं होत्या की कुणाच्या ते लक्षातही राहत नसे.

“भरलीस?” त्यांनी विचारलं.

“भरली, मावशी.”

“सोताच्या हातानं?”

“हो.”

“का?”

विभाला वाटलं होतं निदान ही बाई तरी आपल्या बाजूची असेल. “नवस होता,” ती म्हणाली. “माझ्या नावाचा.”

“माझं काय न्हवतं व्हय नवस?” गंगूबाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “आमचं मालक गेलं तवा मी तुझ्या पोरीपरास चार-पाच वर्सांनी थोरली. तवापास्नं मागं बसत्या. लेकीच्या लग्नात अंतरपाटापाशी गेले न्हाई. नातवाला पाळण्यात घालताना पदर लागंल म्हणून भिताडाला टेकून हुबी राहिले. मला कुणी म्हणलं न्हाई, ये गंगू, नारळ धर. आन् आता तू म्हणतीस चालतंय. देवीला चालतंय. चालतंय तर मग माझं ते सगळं काय हुतं? मी काय येडी हुते?”

नीलिमाताईंसाठी विभाकडे आता पुष्कळ उत्तरं तयार होती. उत्कर्षासाठी तर एक खास राखून ठेवलं होतं. पण या म्हातारीला काय सांगणार? तू वेडी नव्हतीस, तुला फसवलं? की तू वेडी नव्हतीस, मीच चुकले? दोन्हींपैकी काहीही म्हटलं तरी म्हातारीचं आयुष्य परत मिळणार नव्हतं.

“तुम्ही येड्या नव्हता, मावशी,” ती शेवटी म्हणाली.

गंगूबाईंनी तिच्या कपाळाकडे बघितलं. मग जवळ सरकून, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यांनी विचारलं, “कशी दिसती गं? अगदी म्होरनं?”

“डोळे मोठे आहेत. चांदीचे,” विभा म्हणाली. “नाकाचा शेंडा झिजलाय जरा. पण बघते सरळ.”

गंगूबाईंनी मान हलवली. बत्तासा त्यांनीही घेतला नाही.

बस डोंगर उतरून शहरात शिरली तोवर फोन परत मिळाले होते, पण कुणी रील केलं नाही. नीलिमाताई ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “कुणाला दुखवायचा प्रश्न नाही. पण मंडळाच्या वतीनं ओटी भरली गेली असं आपल्याला म्हणता येणार नाही. सुरक्षेच्या कारणास्तव ती भरता आली नाही, असं आपण लिहू. उद्या माझ्या घरी देवीच्या फोटोची भरू. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा.”

“पण मी बघितली ना,” अनुश्री म्हणाली. “मतलब, मी तिथेच उभी होते. आईनी भरली.”

“बाळा, तू लहान आहेस. यात बोलू नये.”

मंगळवारी जी मुलगी जवानांच्या जखमा बांधायला शिकायला जाणार होती, ती साक्ष द्यायला लहान होती. हात वर झाले. उत्कर्षानं हात वर करताना डोळे मिटून घेतले, त्यामुळे आपला विरोध नोंदला गेला असं तिला वाटलं असावं. गंगूबाईंनी खिडकीबाहेर बघत हात वर केला, कोपरापर्यंतच. तरी तो धरला गेला. विभाचा हात कुणी मोजला नाही. ज्या गोष्टीवर मत घ्यायचं ती घडलीच नव्हती, तेव्हा जिनं ती केली तिचा संबंधच येत नव्हता.

रविवारी नीलिमाताईंच्या घरी देवळाखालच्या दुकानातून आणलेल्या फोटोची ओटी भरण्यात आली. तांदूळ विभानं निवडलेलेच होते, उरले होते ते. विभाला चहासाठी निरोप होता. प्यायला नव्हे. ती गेली नाही. तिनं त्या दिवशी अनुश्रीच्या बॅगेला नाव शिवलं, हॉस्टेलच्या मेसमधल्या पातळ वरणावरून ठेकेदाराला इतकं झापलं की मुली जिन्यात जमून ऐकत राहिल्या, आणि संध्याकाळी पहिल्यांदाच आरशात बघून कपाळ धुतलं. पुसलं नाही, धुतलं.

सोमवारी दुपारी उत्कर्षा हॉस्टेलवर आली. बरोबर टाइप केलेला कागद.

“फक्त एक फॉर्मॅलिटी आहे,” ती बसता बसता म्हणाली. “मंडळाच्या नियमानुसार ओटी भरण्यास सवाष्ण असणं आवश्यक. आपण सदर अट पूर्ण करत नसताना असं का घडलं, याचा लेखी खुलासा द्यावा.”

“घडलंच नाही ना?” विभा म्हणाली. “तुम्हीच ठरवलंत.”

“हो. म्हणजे जे घडलं नाही, ते का घडलं, एवढंच.”

“चहा घेणार?”

“नको. विभाताई, खरं सांगू? मी पर्सनली...”

“कळलं,” विभा म्हणाली. “पेन आहे का?”

उत्कर्षानं पेन दिलं. बाहेर मुली कपडे वाळत घालत मोठमोठ्यानं हसत होत्या. विभानं रजिस्टरमधून एक कोरा कागद ओढला, समास सोडला, आणि एकही शब्द न खोडता लिहून काढलं. उत्कर्षानं तो कागद वाचला, घडी घातली, आणि गेली. पेन विसरून. कागद असा होता :

प्रति,
मा. अध्यक्षा,
सह्यकन्या भगिनी मंडळ, जयपूर.

विषय : सवाष्ण असण्याच्या अटीची पूर्तता करण्याबाबत.

महोदया,

आपले पत्र मिळाले. मंडळाची अट मला माहीत आहे. ती माझ्याकडून पूर्ण न होण्याचे कारण असे की, माझे पती नायब सुभेदार हणमंत रामचंद्र इंगवले हे हयात नाहीत. यात माझ्याकडून कोणताही हलगर्जीपणा झालेला नाही. तसे झाले असल्यास चौकशी करण्यास माझी हरकत नाही.

सदर त्रुटी दूर करण्याची माझी पूर्ण तयारी आहे. परंतु हे काम माझ्या अधिकारात येत नाही. तरी मंडळाने आपल्या स्तरावर योग्य त्या ठिकाणी पाठपुरावा करून, माझ्या पतीस पुढील वर्षीच्या चैत्रातील सहलीच्या दिवशी, निदान ओटी भरून होईपर्यंत, हजर राहण्याची परवानगी मिळवून द्यावी, ही नम्र विनंती. पूर्ण दिवसाची न मिळाल्यास सकाळची चालेल.

त्यांना बसमध्ये खिडकीजवळची जागा लागते. ती माझी द्यावी. मी उभी राहून येईन.

आपली विश्वासू,
विभा हणमंत इंगवले